मदत हवी आहे: पहाटेचं मनन दुकानापर्यंत टिकत नाही

सर्वांना सलाम. मी जालन्यात बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. पहाटे बायबलमधलं वचन वाचतो, पण जूनमध्ये पेरणीची गर्दी अन् उधारीची घासाघीस सुरू झाली की सकाळचं काही डोक्यात राहत नाही. स्तोत्र १ मध्ये तर रात्रंदिवस मनन म्हटलंय!

सध्या स्तोत्र ११९ घेतलंय. १७६ वचनं, आठ-आठचे २२ भाग, म्हणून रोज एकच भाग. खरं तर मला याकोब १:१९ जास्त कामाचं वाटतं: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. गिऱ्हाईक तावातावानं बोलायला लागलं की नेमकं हेच हवं असतं.

नोकरी-धंदावाल्यांनो, तुम्ही दिवसभर एकच वचन धरता का? पाठ करता की वहीत लिहिता? ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगू नका, ती चालूच आहे.