मराठी टाइप करता करता गारा चुकवायच्या : इनस्क्रिप्टमध्ये हालचालीसाठी कोणती कळ द्यावी?

तापीकाठ (रावेर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी जळगावला संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकतो आणि प्रकल्प म्हणून गोडो इंजिनमध्ये (खेळ तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक छोटा मराठी खेळ तयार करत आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या रावेर-यावल पट्ट्यात वादळ आले, की घडाच्या भाराने वाकलेली केळीची झाडे आडवी होतात, आणि वर्षभराची मेहनत एका संध्याकाळी जमिनीवर येते. खेळातला शेतकरी अशाच बागेत उभा आहे. प्रत्येक झाडापाशी एक शब्द दिसतो. तो टाइप करून पूर्ण केला की त्या झाडाला टेकू लागतो, आणि हे चालू असतानाच वरून पडणाऱ्या गारा त्याला चुकवत राहाव्या लागतात.

वेगाने टाइप करणे आणि त्याच वेळी चुकवणे ही जोड मला ‘द टेक्स्टॉर्सिस्ट’ या खेळावरून सुचली. इटलीतल्या मॉर्बिडवेअर या लहान चमूने तो 2019 मध्ये आणला. त्यातला रे बिब्बिया हा भूतबाधा उतरवणारा माणूस आहे. खेळाडू त्याच्यासाठी मंत्र टाइप करत असतो आणि त्याच वेळी त्याला गोळ्यांच्या वर्षावातून वाट काढून देत असतो. तिथे हालचालीसाठी बाणांच्या कळा वापरता येतात, किंवा शिफ्ट दाबून धरून डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळा. ही दुसरी सोय मी जशीच्या तशी घेतली आणि तिथेच अडकलो.

इंग्रजीत शिफ्ट मोकळी असते, कारण मोठी अक्षरे न वापरता सगळा खेळ लिहिता येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत मात्र शिफ्टखाली निम्मी वर्णमाला बसलेली आहे. शिफ्टसह डब्ल्यू म्हणजे ‘ऐ’, ए म्हणजे ‘ओ’, एस म्हणजे ‘ए’ आणि डी म्हणजे ‘अ’. त्यामुळे ‘ओल’ लिहायला घेतले की माझा शेतकरी डावीकडे पळतो आणि ‘अंकुर’ लिहायला घेतले की उजवीकडे. शिफ्ट दाबलेली असताना खेळ फक्त हालचालीच्या कळा ऐकतो, आणि ‘ळ’सुद्धा शिफ्टसह एन या कळीवर असल्यामुळे ‘केळी’ आणि ‘वादळ’ हे दोन शब्दच खेळात पूर्ण होत नाहीत, आणि ते वगळून हा खेळ करण्यात मला काहीच अर्थ वाटत नाही.

बाणांच्या कळा देऊन पाहिल्या, तेव्हा मराठी उत्तम टाइप करणारा माझा मित्र पहिल्याच मिनिटात थांबला, कारण उजवा हात बाणांकडे गेला की व्यंजने लिहायला हातच उरत नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या साध्या कीबोर्डवर दोन बाण एकत्र दाबलेले असताना काही अक्षरे उमटतच नाहीत. तेव्हा चुकवण्यासाठी कोणती कळ द्यावी, गारांचा वेग कशाच्या हिशोबाने ठरवावा, आणि जोडाक्षर अर्धे लिहून झाले असताना ते पडद्यावर कसे दाखवावे, या तीन गोष्टींबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टंकशिक्षक (भुसावळ) यांचे उत्तर

मी बरीच वर्षे टंकलेखनाचे वर्ग घेतो, म्हणून हाताच्या बाजूने सांगतो. इनस्क्रिप्टची रचना अशी आहे, की बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार डाव्या हाताखाली येतात. म, ण, न, व ही खालच्या ओळीतली अक्षरे तेवढी डावीकडे आहेत. ‘केळी’ लिहिताना क उजव्या हाताने, मात्रा डाव्या, ळ पुन्हा उजव्या आणि वेलांटी परत डाव्या हाताने पडते. ढोलकीच्या दोन तोंडांवर दोन हात चालावेत, तसे हे काम चालते. या मांडणीचे सौंदर्य त्यातच आहे आणि तुमची अडचणही त्यातूनच आली आहे, कारण कोणताही एक हात काढून घेतला की लेखन नुसते मंदावत नाही, ते बंदच पडते.

दोन्ही हात गुंतलेले असताना मोकळा राहतो तो अंगठा. तुमच्या खेळात एका वेळी एकच शब्द लिहायचा असल्यामुळे स्पेसची कळ रिकामी आहे. शेतकऱ्याला चार दिशांना पळवण्याऐवजी त्याला केळीच्या दोन सरींमध्ये ठेवा आणि स्पेस दाबली की तो या सरीतून त्या सरीत जाईल असे करा. बोटे आपल्या मूळ ओळीवरून हलणार नाहीत.

आता वेग. राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेत मराठीची पहिली पायरी मिनिटाला 30 शब्दांची आहे. पाच स्ट्रोकचा एक शब्द धरला तर मिनिटाला 150, म्हणजे सेकंदाला अडीच स्ट्रोक होतात. ही गती समोर मजकूर ठेवून, शांत बसून लिहिणाऱ्याची आहे. गारा चुकवणाऱ्याकडून सुरुवातीला त्याच्या निम्म्याची अपेक्षा धरा. ‘केळी’चे चार स्ट्रोक आणि वर एक शिफ्ट, असे धरले तर त्याला तीन-चार सेकंद लागणार, आणि तेवढ्या वेळात एकापेक्षा जास्त गारा त्याच सरीत येऊ देऊ नका.

शब्दाची लांबी मोजताना दिसणारी अक्षरे मोजू नका. ‘कमळ’ तीन अक्षरांचा आणि ‘क्षेत्र’ दोनच अक्षरांचा दिसतो. पण ‘क्षेत्र’ सुटा सुटा लिहिला तर क, पाय मोडणे, ष, मात्रा, त, पुन्हा पाय मोडणे आणि र असे सात स्ट्रोक पडतात. अक्षरे मोजून काठिण्य ठरवले, तर खेळाडूला खेळ अन्यायाचा वाटेल आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.

आणखी एक. जुन्या रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्यांना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी मारण्याची सवय असते, तर इनस्क्रिप्टमध्ये आधी व्यंजन आणि मग वेलांटी येते. अशा खेळाडूंची ‘किडा’, ‘पिकं’ अशा शब्दांवर पहिलीच कळ चुकेल, म्हणून सरावाच्या पायरीत हा फरक स्पष्ट दाखवा.

नंदुरबारी यांचे उत्तर

सरांनी हाताचे सांगितले. मी यंत्राचे सांगतो. प्रयोगशाळेतल्या कीबोर्डवर काही अक्षरे उमटत नाहीत, यात तुमच्या कोडचा दोष नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला वेगळी तार नसते. कळा आडव्या आणि उभ्या ओळींच्या छेदांवर बसवलेल्या असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या गेल्या, की चौथीही दाबल्यासारखी वाटू शकते, आणि ही खोटी नोंद टाळण्यासाठी कीबोर्ड ती तिसरी कळ पुढे पाठवतच नाही. कळ धरून ठेवायला लावणारी कोणतीही हालचाल आपल्याकडच्या साध्या कीबोर्डवर धोक्याची आहे, म्हणून स्पेस एकदा टिचकावून सरी बदलण्याची सूचना या दृष्टीनेही मला योग्य वाटते. कळ दाबून धरल्यावर आपोआप येणाऱ्या पुनरावृत्तीच्या नोंदी तेवढ्या वगळा, नाहीतर शेतकरी दोन सरींमध्ये नुसता थरथरत राहील.

खेळाडूच्या संगणकावर मराठी कीबोर्ड बसवलेला असेलच असे गृहीत धरू नका. गोडोमध्ये कळीची प्रत्यक्ष जागा वेगळी वाचता येते. ती वाचून इनस्क्रिप्टचा तक्ता खेळातच ठेवा, म्हणजे शाळेतल्या कोणत्याही संगणकावर काही न बसवता खेळ चालेल. आवृत्ती मात्र गोडो 4 किंवा त्यापुढची घ्या, कारण देवनागरीची जोडाक्षरे नीट जोडून दाखवण्याची व्यवस्था तिच्यापासून आली.

जोडाक्षराबद्दल : लिहून झालेला भाग वेगळ्या रंगात दाखवण्याची पद्धत इंग्रजीतून आली आहे आणि ती देवनागरीत तशी चालत नाही. ‘क्ष’मधला निम्मा भाग रंगवायला गेलात, तर अक्षर फुटून ‘क्’ आणि ‘ष’ वेगळे दिसू लागतात. मूळ शब्द अखंड ठेवा, पूर्ण झालेलेच अक्षर रंगवा, आणि पुढची अपेक्षित कळ शब्दाखाली लहान चौकटीत दाखवा.

आणि ज्या शब्दाचा विचार न करता तुम्ही तो वादळाच्या खेळात नक्की घालणार, तो शब्द म्हणजे ‘वाऱ्याने’. हा अर्धा र मराठीत दोन प्रकारे लिहिला जातो : एक म्हणजे शिफ्टसह जे या कळीवरचा नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडणे, आणि दुसरा म्हणजे साधा र, पाय मोडणे आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. दोन्ही मान्य करा. नुसता साधा र आणि पाय मोडणे एवढेच मात्र मान्य करू नका, कारण ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत आणि मराठी वाचणाऱ्याला हा फरक दिसतो.

शिरपूरची ताई यांचे उत्तर

सरांच्या सूचनेत मला एक उणीव दिसते. मी शाळेत संगणक शिकवते, आणि मुलांच्या बाबतीत बोटांपेक्षा डोळा आधी अडकतो असे माझे निरीक्षण आहे. माणसाला अगदी स्पष्ट दिसते ते नजरेच्या मध्यावरच्या एका लहानशा भागात. बाकीच्या भागात हालचाल कळते, पण अक्षर वाचता येत नाही. शब्द झाडापाशी, शेतकरी खाली आणि गार वर असे तीन ठिकाणी ठेवले, तर मूल वाचत असताना गार लागते आणि गारेकडे पाहत असताना शब्द राहून जातो. दोनच सरी केल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. शब्द शेतकऱ्याच्या डोक्यावर आणा आणि गारेची सावली जमिनीवर त्याच्या पायाशी आधी पडू द्या. सावली मोठी होताना वाचल्याशिवायही कळते.

वाचण्याचे आणि चुकवण्याचे काम वेगळे करून टाकण्याचा मार्गही आहे. 2016 च्या ‘एपिस्टोरी’ या बेल्जियममधल्या खेळात स्पेस दाबून चालण्यातून लिहिण्यात जाता येते. पण तुमचा खेळ त्या वाटेने नेऊ नका असे मी आग्रहाने सांगेन, कारण वादळात माणूस आधी पळतो आणि मग टेकू लावतो असे होत नाही. आमच्या शेतात मी ती धावपळ पाहिली आहे, आणि ती दोन्ही कामे एकदमच होतात.

गार लागल्यावर काय व्हावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. ‘टेक्स्टॉर्सिस्ट’मध्ये मार लागला की नायकाच्या हातातले पुस्तक उडून पडते, ते उचलेपर्यंत लिहिता येत नाही. ही कल्पना तुमच्याकडे फार चांगली बसेल : गार लागली की हातातली टेकूची काठी शेजारच्या सरीत पडावी आणि लिहिलेला निम्मा शब्द काही क्षण तसाच राहावा. नव्याने शिकणाऱ्या मुलाने कष्टाने लिहिलेली चार अक्षरे एका फटक्यात पुसू नका.

शेवटी एक विनंती. एक टप्पा अहिराणी शब्दांचा ठेवा. ‘बठ्ठा’, ‘आठे’, ‘तठे’, ‘आंडोर’ हे शब्द मुलांच्या तोंडी रोज असतात, पण ते त्यांनी कधी टाइप केलेले नसतात. अहिराणीचे लेखन सगळीकडे सारखे नाही, त्यामुळे मूल शब्द एकदा पाहून पुढे कानाने लिहील आणि ‘आंडोर’चा ‘अंडोर’ होईल. अशी दोन-तीन रूपे चूक धरू नयेत.

तापीकाठ यांचा प्रतिसाद

सर, नंदुरबारी दादा आणि ताई, आपले मनापासून आभार. दोन दिवस बसून स्पेस, दोन सरी, जमिनीवरची सावली आणि डोक्यावरचा शब्द असा बदल केला. ‘वाऱ्याने’ आता दोन्ही प्रकारांनी लिहिता येतो. अहिराणीचा टप्पा तयार केला, तेव्हा माझ्या आजीने शेजारी बसून शब्द सांगितले. त्यातले निम्मे मला स्वतःला टाइप करताना पहिल्यांदाच भेटले.

मित्राने ‘केळी’ आणि ‘वादळ’ दोन्ही पूर्ण केले. एकच अडचण राहिली आहे. ‘बठ्ठा’सारख्या शब्दात ठ दोनदा येतो, दोन्ही वेळा शिफ्ट लागते, आणि नेमकी तेव्हाच सरी बदलायची वेळ आली की त्याचा हात आखडतो. असे शब्द पुढच्या टप्प्यात ढकलावेत का?

टंकशिक्षक (भुसावळ) यांचे उत्तर

शब्द काढू नका. तुमचा मित्र शिफ्ट कोणत्या हाताने धरतो ते पाहा. ठ उजव्या करंगळीने पडतो, म्हणून शिफ्ट डावीकडचीच धरली पाहिजे आणि स्पेस उजव्या अंगठ्याने मारली पाहिजे. ‘अ’ आणि ‘ओ’ डाव्या हाताचे असल्याने तिथे उजवी शिफ्ट आणि डावा अंगठा. एका हातावर करंगळी ताणलेली असताना त्याच हाताचा अंगठा हलवायला गेले, की हात आखडतोच. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर दोन पंजे दाखवून एवढे समजावून द्या आणि त्याला पहिल्या दिवशी गारांशिवाय नुसता ‘बठ्ठा’ वीस वेळा लिहू द्या.