सर्बियातलं डुक्कर : नाताळचं वेगळं, बेगमीचं वेगळं

सर्बियातली थंडीतली डुक्करकापणी म्हणजे नाताळच्या मेजवानीचीच तयारी, असा एक समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. नाताळचं डुक्कर बहुधा लहान आणि अख्खं भाजायचं. ५ जानेवारीला, म्हणजे तुत्सिनदानला कापायचं, ६ तारखेला लाकडी दांड्यावर ओवून निखाऱ्यांवर तासन् तास फिरवायचं आणि ७ ला, त्यांच्या ऑर्थोडॉक्स नाताळला, खायचं. गंमत म्हणजे ६ तारखेला कडक उपास! दिवसभर वास घ्यायचा, तोंडात तुकडा टाकायचा नाही.

वर्षाच्या बेगमीची कापणी वेगळी, तिला स्विन्योकोल्य म्हणतात. सर्बिया युगोस्लाव्हियाचा भाग होता त्या काळात ती हमखास २९ नोव्हेंबरच्या प्रजासत्ताक दिनाला व्हायची, कारण जोडून सुट्टी आणि पुरेशी थंडी. शहरात गेलेली मुलं, शेजारीपाजारी सगळे राबायला हजर. चर्चचा नाताळपूर्व उपास २८ लाच सुरू झालेला असतो, पण सरकारी सुट्टीपुढे त्याचं फारसं कोण ऐकणार! सॉसेज, धुरी दिलेलं मांस वगैरे ठीक, पण माझ्या मते खरी कसोटी च्वार्त्सीची, म्हणजे चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांची. पाठीच्या चरबीचे चौकोनी तुकडे मोठ्या काहिलीत चुलाणावर वितळवतात, एकजण लांब दांड्याच्या उलथण्याने सारखा ढवळत असतो. शेवटी थोडं दूध ओततात, फसफसून वर येतं आणि तुकड्यांना तांबूस रंग चढतो. मग ते पिळून काढायचे. उरलेली चरबी डब्यांत भरतात. नंतर तीच स्वयंपाकाला, तीच पावाला, वरून लाल तिखट भुरभुरून.