आशा आणि उमेद यात नेमका फरक काय?

कुंदा : एका समुपदेशन गटासाठी मराठी पत्रक करतेय, विषय आहे माणसानं जास्त आशावादी कसं व्हावं. पण 'अधिक आशावादी व्हा' असं लिहिलं की ते कॅलेंडरच्या मागच्या पानावरचं सुवचन वाटायला लागतं, खचलेल्या माणसाच्या हातात ते द्यायची माझी तरी हिंमत नाही. आशा, आस, उमेद, भरवसा... कुठला शब्द घ्यावा?

खडूस काका : क्रियापदं बघ, निम्मं काम तिथेच होतंय. आशा लागते, कोणीतरी लावतं, कोणीतरी दाखवतं, आपण तिच्यावर बसून राहतो. आस तर बहुधा लागतेच. उमेद मात्र धरावी लागते, बाळगावी लागते, आणि खचतेही तीच. शिवाय आशाळभूत हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थानं कधीच येत नाही, उमेदीचा माणूस म्हटलं की लगेच कौतुक. म्हणून शिकवायचीच असेल तर उमेद शिकव, आशा काय, लॉटरीचं तिकीट काढलं तरी लागते.

मिसळ_कमी_तिखट : काका, आशेवर एवढे घसरू नका हो. शाळेत सुभाषित होतं ना, आशा ही अजब बेडी आहे, जे बांधलेले ते धावतात आणि जे सुटले ते पांगळ्यासारखे बसून राहतात. म्हणजे संस्कृतात आशा पळवते, बसवत नाही! आणि संस्कृतात आशा म्हणजे दिशा असाही अर्थ आहे, व्युत्पत्ती वेगळी मानतात पण योगायोग छान आहे.

कुंदा : दिशेवरून आठवलं, पत्रकाचा मूळ आधार चार्ल्स स्नायडर हे दिवंगत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, कॅन्सस विद्यापीठातले. 1991 मध्ये त्यांनी 12 वाक्यांची प्रश्नावली काढली. 4 वाक्यं वाटा सुचण्याबद्दल, 4 त्या वाटेनं जायच्या बळाबद्दल, उरलेली 4 नुसती भरतीची, त्यांचे गुण धरतच नाहीत. त्यांच्या मते ध्येय, वाटा आणि बळ असं तिन्ही असेल तर ती आशा. नुसतं 'सगळं छान होईल' याला ते आशा म्हणतच नाहीत.

खडूस काका : मग तो उमेदच म्हणतोय की!

वऱ्हाडी ठेचा : अर्धंच. बळ म्हणजे उमेद, पण वाटांचं काय? आमच्याकडे उमेदीला तोटा नाही हो, मृगाचा एक सडाका आला की लोक सोयाबीन टाकून मोकळे, कृषी विद्यापीठवाले ओरडून सांगतात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, कोण ऐकतो. मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी, परत बियाणं, परत उसनवारी. पुन्हा सोयाबीनच टाकणाऱ्याकडे उमेद आहेच. पण 15 जुलै उलटली तर सोयाबीनचा हट्ट सोडून तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी बघायची असते, त्याला कागदावर आपत्कालीन पीक नियोजन म्हणतात. हे ज्याला ठाऊक आहे तो रात्री जरा तरी झोपतो. माझ्या मते पत्रकात 'दुसरी वाट काढून ठेवा' हे पहिलं यावं, उमेद धरा नंतर.

मिसळ_कमी_तिखट : हे पुण्याच्या पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये कोणीतरी जाऊन सांगा प्लीज. तिथे सगळेच उमेदवार, शब्दातच उमेद आहे, पण वाट एकच, सरकारी भरतीची पुढची जाहिरात कधी येते. आणि दुसऱ्या वाटेचं नाव काढलं की घरचे म्हणतात त्याला नाउमेद करू नका.

खडूस काका : नाउमेद करणं हे दुसऱ्यानं करायचं काम आहे बघा, निराश आपण आपले होतो. आणि उमेदवारी करणं म्हणजे पूर्वी काम शिकत फुकट राबणं, नोकरी लागेल म्हणून. पण त्यात निदान हाताला काम तरी शिकायला मिळायचं, वकिलाकडे म्हणा, छापखान्यात म्हणा.

कुंदा : हे घेते. 'आशावादी' काढलाच. आता वाक्य असं केलंय: 'एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती, ते आजच लिहून ठेवा; त्यातलं उद्या सकाळी करता येईल असं एक काम निवडा.' उमेद शब्द फक्त शीर्षकात ठेवू का?

वऱ्हाडी ठेचा : ठेवा. पण 'उमेद' नावाचं सरकारी अभियान आहे, बचत गटांचं, गावात पत्रक वाटलं तर बाया कर्जाचं विचारतील.

कुंदा : अरे हो! मग 'उमेद धरताना' करते.