मदत हवी आहे: एच४ हेडलाइटला रिले वायरिंग

जुनी हॅचबॅक, साधा रिफ्लेक्टर, एच४ (हाय-लो बीम एकाच बल्बात) ६०/५५ वॅट हॅलोजन. पावसात रात्री मुंबईतल्या आरेच्या रस्त्यावर खड्डा चाक आपटल्यावरच कळतो.

काचा पॉलिश केल्या, बल्ब नवे, फोकस भिंतीवर लावून घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर जेमतेम १२.३. म्हणजे व्होल्टेज पडतंय ते स्विच-वायरिंगमध्येच.

एलईडी सुचवू नका, या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात. १००/९० वॅटही नको, सॉकेट वितळतं. मूळ वायर न कापता बॅटरीवरून दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), २.५ चौरस मिमी वायर टाकणार आहे.

अडचण एकच: गाडीत स्विच अर्थच्या (मायनस) बाजूला आहे, हाय-लो दोन्हींच्या कॉमन पिनवर कायम प्लस. मग बाजारातला तयार हार्नेस (रिले-वायरींचा जोडलेला संच) चालेल, की रिलेची कॉइल (रिले चालू करणारी गुंडाळी) मूळ सॉकेटच्या दोन पिनांमध्येच जोडायची? आणि तसं केल्यावर डॅशबोर्डवरचा हाय बीमचा निळा दिवा लागतो का?