मासेराती बर्डकेज: इतक्या नळ्या कशासाठी?

नवशिका: ‘बर्डकेज’ म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात त्या मासेराती टिपो ६१ या इटालियन शर्यतीच्या गाडीचा, पत्रा काढलेला फोटो पाहिला. आत बारीक नळ्यांचं नुसतं जाळं! एवढा खटाटोप कशासाठी केला असेल? आणि गाडी इतकी वेगवान होती, तर फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत का जिंकली नाही?

वेल्डर: मी नळ्या जोडण्याचंच काम करतो, त्यामुळे या गाडीचा विषय निघाला की मला राहवत नाही. मुळात पैशांची चणचण होती. १९५७ च्या शर्यतींच्या मोसमानंतर मासेरातीने कारखान्याचा अधिकृत संघ बंद केला. मुख्य अभियंता जुलिओ आल्फिएरी यांच्या हाताशी चार सिलिंडरचं इंजिन होतं. आधी दोन लिटरचं टिपो ६० आलं, मग तेच वाढवून २.९ लिटरचं टिपो ६१. ताकद सुमारे २५० अश्वशक्ती. फेरारीच्या बारा सिलिंडरपुढे ती कमीच, म्हणून आल्फिएरींनी वजन उतरवलं. १० ते १५ मिलिमीटर व्यासाच्या सुमारे २०० क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) नळ्या घेतल्या. त्रिकोणात जोडल्या की नळीवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकवणारा जोर फारसा येत नाही, म्हणून बारीक नळीही पुरते. गाडी भरली साधारण ६०० किलो. इंजिनही ४५ अंशांत कलतं बसवलं, त्यामुळे बॉनेट खाली आलं.

पण पातळ नळीला आच जरा जास्त लागली की भोक पडतं, आणि जिथे चारी बाजूंनी नळ्या येऊन मिळतात तिथे वेल्डिंगची टॉर्च शिरवायला जागा नसते. ते सांधे ज्यांनी भरले, ती माणसं मला आल्फिएरींइतकीच मोठी वाटतात.

शर्यतवेडा: जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची १००० किलोमीटरची शर्यत या गाडीने दोनदा जिंकलीय की! १९६० मध्ये स्टर्लिंग मॉस आणि डॅन गर्नी, १९६१ मध्ये मास्टन ग्रेगरी आणि लकी कॅस्नर. दोन्ही वेळा कॅस्नरच्याच कॅमोराडी संघाची गाडी. पहिल्या वेळी तर तेलाची नळी तुटून पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीला थांबायच्या जागी, बराच वेळ गेला, तरी पहिला नंबर.

वेल्डर: अगदी बरोबर. ल माँला १९६० मध्ये ग्रेगरीची गाडी सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होती. पुढच्या काचेची उंची नियमाने ठरलेली, म्हणून वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा यासाठी ती बॉनेटवर लांबवर तिरकी निजवली होती. मग पिटमध्ये स्टार्टरने दगा दिला आणि आघाडी गेली. ज्या सांगाड्याला सगळे नाजूक म्हणतात, त्याचा यात काही दोष नव्हता.

नवशिका: मग ही पद्धत पुढे का टिकली नाही?

वेल्डर: १९६१ मध्ये मासेरातीने टिपो ६३ मध्ये इंजिन चालकाच्या मागे नेलं, सांगाडा मात्र नळ्यांचाच ठेवला. पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये लोटस २५ ही गाडी पत्र्याचा मोनोकॉक (नळ्यांऐवजी पत्र्याची पेटीच सांगाड्याचं काम करते अशी रचना) घेऊन आली, आणि कमी वजनात जास्त ताठपणा मिळवायचा दुसरा रस्ता खुला झाला. टिपो ६३ चेही उघडे फोटो शोधून बघ, इंजिनाभोवतीचं जाळं नीट दिसतं.