मार्गारेट रिव्हरला दोन निवांत रात्री: अनुभव आणि सल्ले

शिंपला:
गॅरेज आवरताना केव्ज रोडचा (वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हर या वाइनच्या पट्ट्यातून जाणारा रस्ता) जुना कागदी नकाशा हाती लागला आणि सगळं आठवलं, म्हणून हा धागा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. समुद्र हवा, वाइन हवी, धावपळ नको.

सुरुवात मीच करते. पर्थपासून साधारण २७० किमी, न थांबता तीन तास. उत्तरेच्या केप नॅचरलिस्ट या भूशिरापासून दक्षिणेच्या केप लूविनपर्यंत हा पट्टा जवळजवळ शंभर किमी लांब आहे, आणि नेमकं हेच लोक विसरतात. सकाळी डन्सबरो, दुपारी ऑगस्टाचं दीपगृह, मध्ये चार वायनऱ्या असा बेत आखला की शनिवार गाडीतच संपला म्हणून समजा. एकच टोक धरा. उत्तर धरलंत तर मुक्काम यॅलिंगप किंवा डन्सबरोला. दक्षिण धरलंत तर मार्गारेट रिव्हर गावात, तिथून प्रेव्हलीचा किनारा दहा मिनिटांवर. बाकीच्यांनी भर घाला.

टिवटिव:
+१. आणि दिवसाचा क्रम वाऱ्यावर ठरवा. उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, पाणी त्यातल्या त्यात शांत. दुपारी दक्षिण-नैर्ऋत्येचा वारा सुटला की पश्चिमेच्या किनाऱ्यांवर वाळू नुसती तोंडात जाते. म्हणून समुद्र सकाळी, वाइन अकरानंतर. दुपारीच डुंबायचं असेल तर मीलप किंवा ईगल बे, केपच्या आडोशाला असल्यामुळे तिथे हा वारा लागत नाही. हिवाळ्यात वायव्येकडून वादळ आलं तर मात्र तिथेही आडोसा नाही.

पिंगळा:
डाळ शिजेपर्यंत लिहितोय, थोडक्यात. सेलर डोअर, म्हणजे वायनरीतली चव घ्यायची आणि विक्रीची जागा, बहुतेक १० ते ५. पाचला पोचलात तर दार बंद, साडेचारला पोचलात तर घाईघाईत चव. एका ठिकाणी पाच-सहा वाइन, पाऊण ते एक तास. दिवसाला दोन पुरेत, त्यातल्या एका ठिकाणी जेवण. जेवणाचं टेबल आधी धरा, मग त्याच्या आसपास बाकी बसवा, उलटं करू नका. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर आधी कळवा. लहान वायनऱ्यांत काउंटरवर एकच माणूस असतो. चवीचे पैसे पुष्कळ ठिकाणी बाटली घेतल्यावर वळते करतात, विचारून घ्या.

राघू:
गाडी कोण चालवणार ते ठरलं का? रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के, नवशिक्या आणि पी-प्लेटवाल्यांना (नव्याने परवाना मिळालेल्यांना) शून्य. हिशेब असा: ३० मिलीचे सहा घोट म्हणजे १८० मिली. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनमध्ये त्यात १९ ग्रॅम अल्कोहोल झालं. ऑस्ट्रेलियात एक स्टँडर्ड ड्रिंक १० ग्रॅमचं, म्हणजे एकाच ठिकाणी जवळजवळ दोन ड्रिंक. दोन वायनऱ्या म्हणजे चार. "नुसती चव घेतली" असं पोलिसाला सांगून चालत नाही, श्वास तपासायची फुंकणी कुठेही पुढे येते. काउंटरवर थुंकायचं भांडं असतं ते वापरा, तिथे कुणी वळूनही बघत नाही. चालवणाऱ्याने तरीही न घेतलेलीच बरी.

कुंदा:
शाकाहारींसाठी. वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशापासूनचं आयझिंग्लास वापरलं जाऊ शकतं. अंडं आणि दूध लेबलवर लिहिणं इथे बंधनकारक आहे, आयझिंग्लासला मात्र सूट आहे. म्हणजे लेबलवर काही नाही म्हणून शाकाहारी, असं होत नाही. बाटलीवर 'व्हीगन' लिहिलेलं बघा, नाहीतर काउंटरवर विचारा.

शिंपला:
कुंदाताई, हे माहीतच नव्हतं. सासूबाईंना सांगू की नको?

कुंदा:
नको 😄

मंद्र:
थोडं विषयांतर. इथल्या द्राक्षांना मूळ कारण शेतीशास्त्रज्ञ जॉन ग्लॅडस्टोन्स. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी इथलं हवामान फ्रान्समधल्या बोर्डोच्या जवळचं असल्याचं मांडलं. १९६७ मध्ये टॉम कुलिटींनी व्हास फेलिक्स या वायनरीची लागवड केली, मग मॉस वूड, कलन या वायनऱ्या. गंमत म्हणजे या तिन्हींचे संस्थापक पेशाने डॉक्टर.

शार्डोने (पांढरी वाइन) घेणार असाल तर 'जिनजिन क्लोन' या तिच्या द्राक्षाच्या वाणाबद्दल विचारा. त्याच्या घडात मोठे आणि अगदी बारीक मणी एकत्र येतात. बारक्या मण्यांत रसाच्या मानाने साल जास्त, त्यामुळे वाइन दाट आणि आंबटपणा टिकवणारी. कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइन तर इथली खासियतच, तिच्यासाठी वेगळा वेळ ठेवा.

राघू:
म्हणजे "डॉक्टरांनी दिलीय" असं घरी सांगायची सोय झाली की.

टिवटिव:
😂 मंद्र, तोडणी कधी असते?

मंद्र:
फेब्रुवारी ते एप्रिल. शार्डोने आधी, कॅबर्ने शेवटी. तेव्हा गेलात तर वेलींवर पांढऱ्या जाळ्या दिसतील, त्या सिल्व्हरआय पक्ष्यांपासून द्राक्षं वाचवायला. ज्या वर्षी मारीची झाडं वेळेवर फुलतात त्या वर्षी पक्षी तिकडच्या मधाला जातात आणि द्राक्षं वाचतात. मारी उशिरा फुलली की जाळ्या असूनही नुकसान. या दिवसांत वायनरीवाले गडबडीत असतात, गप्पा मारायच्या असतील तर मे बरा.

पिंगळा:
जून ते ऑगस्ट ऑगस्टाजवळ देवमासे, सप्टेंबरपासून डन्सबरोकडे. पण जूनमध्ये साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्याप्रमाणे आखा. अंधार पडायच्या सुमारास केव्ज रोडवर कांगारू उतरतात. रस्ता अरुंद, झाडं अगदी कडेला. कांगारू आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक मारा, चाक वळवू नका. त्याला चुकवताना गाडी झाडावर जाते, ते जास्त वाईट. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, काहींत शहराबाहेर रात्री चालवल्यास विमा लागू होत नाही. म्हणून रात्रीचं जेवण मुक्कामापासून चालत जाता येईल तिथे.

अवखळ:
फोनवरून लिहितेय, वरचं सगळं वाचलं नाही. लहान मुलांना केव्ज रोडच्या वळणांवर मळमळतं, त्यांना बसेल हायवेने न्या, तो बराच सरळ आहे. वाटेत कावारामप लागतं, गावभर फायबरच्या गाई उभ्या आहेत, मुलांचा अर्धा तास जातो. गुडघे दुखणाऱ्यांना लेक केव्ह नको, तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि वाटाड्याबरोबरच जावं लागतं. मॅमथ केव्ह आपल्या गतीने बघता येते, पहिल्या दालनापर्यंत चाकाची खुर्चीही जाते.

राघू:
गाईंबरोबर सेल्फी अनिवार्य.

शिंपला:
सायकल कुणी सुचवली नाही? कावारामप ते मार्गारेट रिव्हर वाडांडी ट्रॅक, जुन्या रेल्वेमार्गावरचा म्हणून चढ जवळजवळ नाहीच. खडीचा आहे, बारीक टायर नकोत.

टिवटिव:
मेलबर्नहून इथल्या जवळच्या बसलटनला थेट विमान आहे, पर्थला जायची गरज नाही. फक्त पिशवीत फळं, मध ठेवू नका, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे क्वारंटाइनचे नियम कडक आहेत.

अवखळ:
परतताना बाटल्या विमानात हातात नेता येतात का?

टिवटिव:
देशांतर्गत विमानात द्रवपदार्थांना १०० मिलीची अट नाही. अडचण वजनाची. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो, आणि स्वस्त तिकिटावर हातसामान ७ किलो. चार बाटल्यांतच पिशवी भरते. सहाच्या वर घेत असाल तर वायनरीलाच खोकं घरी पाठवायला सांगा.

पिंगळा:
गाडीने जाणाऱ्यांनी एस्की (थंड ठेवायचा डबा) न्या, बर्फ नको, ओला टॉवेल पुरतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन तासा-दोन तासांत तापते आणि चव शिजल्यासारखी होते. म्हणून खरेदी शनिवारी नको, रविवारी निघताना शेवटच्या ठिकाणी.

कुंदा:
पिंगळा, डाळ?

पिंगळा:
लागली.