मासळी आणि ऑफिसचा चहा प्लास्टिकशिवाय कसा जमवता?

माहीमकर:
नमस्कार मंडळी. रविवारी स्वयंपाकघरातला पिशव्यांचा खण रिकामा केला. दोन महिन्यांतल्या पातळ पिशव्या निघाल्या ६३. राज्यात २०१८पासून बंदी आहे, तरी या सगळ्या माझ्याच हातून घरात आल्या. २६ जुलै २००५ला आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर गटाराच्या जाळीतून पिशव्यांचे लगदे ओढून काढले होते, ते मी विसरलेलो नाही. भाजीला कापडी पिशवी नेतो. अडतं ते मासळीपाशी आणि ऑफिसच्या चहापाशी. तुम्ही काय करता?

वर्सोव्याची:
दादा, कडीचा स्टीलचा डबा न्या आणि भाव करतानाच पुढे धरा. मावशींनी तुकड्या पिशवीत टाकल्यावर "डब्यात द्या" म्हणून उपयोग नाही, ती पिशवी फुकट गेलीच. माझ्या नेहमीच्या मावशी आता मला बघून स्वतःच डबा मागतात. बोंबलांना पाणी सुटतं, म्हणून झाकण घट्ट हवं. घरी आल्यावर डबा आधी गार पाण्याने धुवायचा, मग लिंबाची साल चोळायची, वास राहत नाही. कोथिंबीर-मिरचीसाठी जुन्या सुती साडीच्या नाडीवाल्या थैल्या शिवून घ्या. पाच पुरतात.

फोर्टातला चाकरमानी:
कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे साध्या रद्दीसारखा त्याचा लगदा करून पुन्हा कागद बनवायला तो जात नाही. मी दिवसाला चार चहा घेतो, म्हणजे चार कप. आता ड्रॉवरमध्ये स्टीलचा मग ठेवलाय. मजल्यावरच्या सगळ्यांना सांगत बसलो नाही, पण शेजारच्या तिघांनी आपापले मग आणले. दुपारचं जेवण मागवलंत, तर काटे-चमचे नकोत असं ऑर्डर देतानाच लिहा.
आणखी एक, कारण यात पुष्कळजण फसतात: दुकानात "कापडी" म्हणून देतात ती चुरचुरीत रंगीत पिशवी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. उजेडात धरून बघा, उभे-आडवे धागे दिसत नाहीत.

माहीमकर:
ताई, आज सिटीलाइट मार्केटात डबा आधीच पुढे केला. जमलं! फक्त अख्खं पापलेट मावेना, शेपटी बाहेर. चपटा, लांब डबा कुठे मिळेल?

वर्सोव्याची:
भुलेश्वरला भांड्यांच्या दुकानांत बघा. जाताना पापलेटाच्या मापाची दोरी घेऊन जा.